हौसा शिकून झाली? कामावर रुजू होण्याआधी यांकारीला जाऊन या

महिनोन्‌महिने रोज सकाळी मालमसमोर, म्हणजे शिक्षकासमोर बसून उत्तर नायजेरियातल्या हौसा भाषेचे धडे गिरवायचे, संध्याकाळी शेजाऱ्यांच्या ओट्यावर तेच शब्द घासूनपुसून घ्यायचे, आणि एक दिवस शेवटची तोंडी परीक्षा होते. लगेच नेमणुकीचं गाव वाट पाहत असतं. कुणाला दवाखान्यात रुजू व्हायचं असतं, कुणाला शाळेत, कुणाला मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या कामात. नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी मिशनरीला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगते: मध्ये तीन-चार दिवस काढा आणि यांकारीच्या जंगलात जाऊन या.

याला चैन समजू नका. भाषा शिकताना माणूस किती थकतो, हे त्याचं त्याला लवकर कळत नाही. स्वर चढला की उतरला यावर अर्थ बदलणारी भाषा असेल, तर मराठी कानाचे कष्ट आणखी वाढतात. दमून परत आलेल्या शिष्यांना येशूनेही गर्दीतून बाजूला, एकांतात विसाव्याला बोलावलं होतं. शिवाय यांकारीत जे घडतं ते वर्गात घडत नाही. समोर हत्तींचा कळप असतो, शेजारी वनरक्षक असतो, आणि प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. चुका मोजायला कुणी नसतं. हौसा पहिल्यांदा स्वतःची वाटते ती अशा वेळी.

जायचं ते ठिकाण

यांकारी नायजेरियाच्या ईशान्येला, बाउची राज्यात आहे. सुमारे २,२४४ चौरस किलोमीटरचं हे सॅव्हाना जंगल १९५६ मध्ये राखीव झालं आणि १९६२ च्या डिसेंबरमध्ये लोकांसाठी खुलं झालं. १९९१ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २००६ मध्ये ते पुन्हा बाउची राज्याकडे आलं. २०१४ पासून वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी राज्य सरकारच्या जोडीने तिथल्या संरक्षणाचं काम पाहते. नायजेरियात उरलेल्या हत्तींची सर्वांत मोठी संख्या इथे आहे. सिंह मात्र मोजकेच. देशभरात ते आता यांकारी आणि कायंजी या दोनच जंगलांत टिकून आहेत. त्यामुळे सिंह दिसेल या आशेवर जाऊ नका. हत्ती, पाणघोडे, रानरेडे, रोन हरणं, बबून माकडं, रानडुकरं आणि साडेतीनशेहून अधिक जातींचे पक्षी, एवढं वैभव पुरे आहे.

पहिली पायरी: महिना निवडा

पावसाळा संपला की गवत पुरुषभर उंच असतं आणि पाणी सगळीकडे असतं, म्हणून जनावरं पांगलेली असतात. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गवत वाळतं, काही भाग मुद्दाम जाळला जातो, आणि नजर लांबवर पोहोचू लागते. जानेवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत बाकीचे पाणवठे आटतात आणि हत्ती गाजी नदीच्या काठाला येतात. पाहायला हाच काळ उत्तम. पण मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो, लहान मुलं बरोबर असतील तर फेब्रुवारी बरा. डिसेंबर-जानेवारीत सहारातून हरमत्तान वारा येतो, आभाळ धुळीने पांढुरकं होतं, ओठ फुटतात आणि पहाटे चक्क स्वेटर लागतो.

ईद, ईस्टर आणि नाताळच्या सुट्ट्यांत बाउची-गोंबेकडून तरुणांच्या गाड्याच्या गाड्या यांकारीतल्या उष्ण झऱ्यावर येतात. गाणी, स्वयंपाक, कल्ला सगळं असतं. लोकांमध्ये मिसळायचं असेल तर मजा आहे, विसावा हवा असेल तर ते दिवस टाळा. रमझानमध्ये जाणार असाल तर चालक आणि वनरक्षक दिवसभर उपाशी असतात हे ध्यानात ठेवून दुपारचे बेत हलके ठेवा, आणि त्यांच्यासमोर खाऊ-पिऊ नका.

दुसरी पायरी: रस्त्याची चौकशी, आणि ती मनापासून

इथे मी जरा थांबणार आहे, कारण बाकी सगळ्या तयारीपेक्षा हे महत्त्वाचं आहे.

उत्तर नायजेरियात रस्त्यावरचं अपहरण आणि लूटमार हा खरा धोका आहे, आणि तो दर महिन्याला जागा बदलतो. गेल्या वर्षी सुरक्षित असलेला रस्ता आज तसाच असेल असं नाही. अनेक देशांची सरकारं आपल्या नागरिकांना या भागातल्या प्रवासाबाबत कडक सूचना देतात. त्या वाचा. मग तीन माणसांना विचारा: तुमच्या मिशनची सुरक्षा पाहणारी व्यक्ती, बाउचीतल्या मंडळीचे पाळक, आणि त्याच आठवड्यात त्या रस्त्याने गेलेला एखादा चालक. तिघांपैकी एकानेही नकारार्थी मान हलवली तर जाऊ नका. जागा आरक्षित झाली आहे, सुट्टी पुन्हा मिळणार नाही, यातलं एकही कारण पुरेसं नाही.

चालकाला विचारताना शिकलेली हौसा वापरा: ‘अक्वाई मात्साला आ हान्या?’ म्हणजे रस्त्यात काही अडचण आहे का. इंग्रजीत विचारलं तर पाहुण्याला बरं वाटेल असं उत्तर येतं, हौसात विचारलं तर माणूस क्षणभर विचार करून बोलतो, असा माझा अनुभव आहे.

निघायचं ठरलं तर पहाटे उजाडल्यावर निघा आणि अंधार पडण्याच्या बऱ्याच आधी पोहोचा. रात्रीचा प्रवास नको, एकटी गाडी नको. जाण्याचा दिवस आणि वेळ चार लोकांत बोलू नका, समाजमाध्यमांवर तर मुळीच टाकू नका. परतल्यावर फोटो टाकायला हरकत नाही. अबुजातल्या भारतीय उच्चायुक्तालयात नाव नोंदवलं नसेल तर या निमित्ताने नोंदवून घ्या.

रस्ता ठीक नसेल तर वाटेतल्या जोस शहरातच राहून विसावा घेता येतो. जोस पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंच आहे, हवा गार. जोस वाइल्डलाइफ पार्कमध्ये बंदिस्त का होईना पण सिंह आहेत. १९५२ मध्ये उघडलेल्या जोसच्या संग्रहालयात प्राचीन नोक संस्कृतीच्या मातीच्या मूर्ती आहेत. जवळच मियांगोला मिशनचं जुनं विश्रामगृह आहे, तिथे मिशनऱ्यांच्या कित्येक पिढ्यांनी थकवा घालवला. यांकारी पुढच्या वर्षीही असेल. अर्थात जोसकडच्या रस्त्यांचीही चौकशी तितकीच करायची.

तिसरी पायरी: कागद, औषधं, कपडे

पासपोर्ट आणि सेरपॅक, म्हणजे परदेशी रहिवाशाचं कार्ड, दोन्हींच्या छायाप्रती गाडीत वेगळ्या ठेवा. पिवळ्या तापाच्या लसीचं पिवळं पुस्तक नायजेरियात येताना लागतंच, पण भारतात परतताना ते जवळ नसेल तर विलगीकरणात राहावं लागू शकतं, म्हणून ते कुठल्याही प्रवासात हरवू देऊ नका. कोरड्या ऋतूत या पट्ट्यात मेंदूज्वराची साथ येते, तिची लस आधीच घेतलेली बरी.

मलेरियाच्या गोळ्यांत खंड नको. वॉल्टर गोवन्स, थॉमस केंट आणि रोलंड बिंगहॅम हे तीन तरुण मिशनरी १८९३ मध्ये लागोसला उतरले आणि उत्तरेकडे यायला निघाले. पुढच्याच वर्षी गोवन्स आणि केंट आजारपणात वाटेतच वारले. तेव्हा आजची औषधं नव्हती. आपल्याकडे आहेत, तर ती घ्या आणि मच्छरदाणीत झोपा.

दुसरा आजार आपल्या लोकांना फारसा ठाऊक नसतो: लासा ताप. १९६९ मध्ये ईशान्येतल्या लासा गावातल्या मिशन दवाखान्यातली एक परिचारिका आजारी पडली, तिला जोसला आणलं, तिथे ती वारली आणि तिची सेवा करणारी दुसरी परिचारिकाही गेली. त्यातून हा विषाणू सापडला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. हा ताप घरात शिरणाऱ्या एका जातीच्या उंदरांच्या लघवी-विष्ठेतून पसरतो, आणि बाउची राज्यात त्याचे रुग्ण आढळतात. उपाय साधा आहे. खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं, उघडं राहिलेलं खायचं नाही, आणि परतल्यावर मलेरियाच्या औषधाने न उतरणारा ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेला होतात ते आवर्जून सांगायचं.

कपडे मातकट किंवा खाकी रंगाचे, पूर्ण बाह्यांचे. निळा आणि काळा रंग टाळा, कारण त्या रंगांकडे त्सेत्से माशी झेपावते. ती चालत्या गाडीच्या मागे लागते आणि पातळ कापडातूनही चावते. निळी जीन्स घालून उघड्या ट्रकमध्ये बसलेल्या पाहुण्यांचे हाल मी पाहिले आहेत. बायकांनी झऱ्यात उतरण्यासाठी गुडघ्याखाली येणारे, अंगभर कपडे घ्यावेत. बाउचीत शरियत कायदा आहे, आणि कायद्याचं सोडा, तिथल्या आयाबायांना अवघडल्यासारखं वाटू नये हे आपल्यासाठी पुरेसं कारण असावं.

दुर्बीण, विजेरी, ओआरएसची पाकिटं, व्हॅसलीन, प्यायचं भरपूर पाणी आणि रोख नायरा. जंगलात नेटवर्कचा भरवसा धरू नका, कार्ड चालेल असंही समजू नका. आणि एक वही, तिच्याबद्दल पुढे सांगते.

चौथी पायरी: वाट

जोसहून बाउची सुमारे १३० किलोमीटर. बाउचीत तासभर थांबा आणि अबुबकर तफावा बलेवा यांची समाधी पाहा. स्वतंत्र नायजेरियाचे हे पहिले पंतप्रधान, १९६६ च्या जानेवारीतल्या लष्करी बंडात मारले गेले. मूळचे ते शाळामास्तर, आणि त्यांनी हौसात एक छोटी कादंबरीही लिहिली आहे. हौसा शिकलेल्या माणसाने तिथे नुसतं पुढे निघून जाऊ नये असं मला वाटतं.

पोटपूजा बाउचीतच करा. सकाळी ‘मासा’ मिळतो, पाण्यातल्या माशाशी त्याचा संबंध नाही. तांदळाच्या आंबवलेल्या पिठाचा, आपल्या अप्प्यांसारख्याच खळग्यांच्या भांड्यात भाजलेला हा पदार्थ मराठी माणसाला पहिल्या घासात आवडतो. चवळीच्या पिठाची कोसाई गरम असतानाच खा. शाकाहारी असाल तर या ‘मासा’वर घालायचा रस्सा मांसाचा असू शकतो, आधी विचारून घ्या. वाटेसाठी शेंगदाण्याची कुली-कुली बांधून घ्या, ती टिकते.

बाउचीहून गोंबेच्या रस्त्याने दिंदिमापर्यंत जायचं, तिथे दक्षिणेला वळायचं आणि मैनामाजीचं गेट गाठायचं. तिथे शुल्क भरून आत शिरलात की विक्कीच्या छावणीपर्यंत बराच वेळ जंगलातून जावं लागतं, म्हणून बाउचीतच टाकी भरा आणि स्टेपनीची हवा तपासा. या आतल्या रस्त्यावर गाडी हळू चालवा. बबूनांच्या टोळ्या रस्त्यातच बसलेल्या असतात, आणि संध्याकाळी हत्तीही आडवे येऊ शकतात. हत्ती दिसला तर थांबा, हॉर्न वाजवू नका, त्याला जाऊ द्या.

तपासणी नाक्यांवर गाडीचा वेग आधीच कमी करा, काच खाली करा, गॉगल काढा. पोलीस असो वा सैनिक, आधी ‘सन्नू दा ऐकी’ म्हणा. काम करणाऱ्या माणसाला घालायचा हा नमस्कार आहे आणि त्याने बहुतेक चेहरे सैल होतात. ‘याया हान्या?’, म्हणजे प्रवास कसा झाला, असं विचारलं तर ‘लाफिया लाऊ’, म्हणजे छान. नाक्याचे आणि गणवेशातल्या कुणाचेही फोटो काढू नका.

पाचवी पायरी: विक्की

छावणीच्या खालीच विक्कीचा उष्ण झरा आहे. वाळूच्या दगडाच्या कड्याखालून पाणी येतं, इतकं नितळ की तळाची पांढरी वाळू दिसते. तापमान वर्षभर ३१ अंशांच्या आसपास, हरमत्तानच्या थंडीत असो की एप्रिलच्या उन्हात. दिवसाला सुमारे २ कोटी १० लाख लिटर पाणी इथून गाजी नदीला मिळतं. पहिल्या संध्याकाळी दुसरं काही करू नका. सामान टाका, दार लावा आणि पाण्यात उतरा. व्याकरणाचे तक्ते, परीक्षेची धास्ती, घरच्यांची आठवण, सगळं त्या कोमट पाण्यात हळूहळू उतरतं. पहाटे गर्दी नसते, तेव्हाही एकदा जा आणि तिथेच प्रार्थना करा.

दार लावा म्हटलं ते अक्षरशः घ्या. इथल्या बबूनांना माणसांची सवय झाली आहे. उघड्या खिडकीतून आत येऊन ते पिशव्या उचकतात. लाडू-चिवड्याचा डबा हातात घेऊन अंगणात बसू नका. माकडाने डबा धरलाच तर ओढाताण न करता सोडून द्या, त्यांचे सुळे मोठे असतात. आणि कितीही गोड वाटलं तरी स्वतःहून खायला घालू नका. माणसाच्या हातचं खायला शिकलेलं जनावर शेवटी माणसाच्याच हातून मार खातं. अंगणात गुडघे टेकून चरणारी रानडुकरं मात्र आपल्या वाटेला जात नाहीत, तुम्हीही जाऊ नका.

सहावी पायरी: जंगलफेरी, आणि हौसा

फेरी सकाळी आणि दुपारनंतर निघते, वनरक्षकासह, उघड्या ट्रकमधून. दोन्ही करा. सकाळी हरणं आणि पक्षी जास्त, दुपारनंतर हत्तींची शक्यता जास्त. एकाच फेरीत हत्ती दिसले नाहीत म्हणून हिरमुसू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.

निघण्याआधी वनरक्षकाला बाजूला गाठून सांगा की मी हौसा शिकलो आहे, माझ्याशी हौसातच बोला. हे सांगितलं नाही तर तो सौजन्याने इंग्रजीत बोलत राहील. आधी रीतसर विचारपूस करा: रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, काम कसं चाललंय. घाई करू नका, हौसा माणूस विचारपुशीवरूनच ओळखतो की समोरचा कसा आहे. आपल्या ख्रिस्ती घरांत एकमेकांना ‘सलाम’ म्हणायची रीत आहे, त्यामुळे समोरच्याचा ‘सलामू अलैकुम’ आपल्या कानाला परका वाटत नाही. मनापासून उत्तर द्या.

एवढे शब्द पाठ करून जा. गिवा म्हणजे हत्ती, बाउना रानरेडा, दोरिना पाणघोडा, ग्वांकी रोन हरीण, ग्वाग्गोन बिरी बबून, काडा मगर, कूरा तरस, झाकी सिंह. ‘बाउना’मधला ब श्वास आत ओढून म्हणायचा असतो. मालमने तो पन्नास वेळा घोटून घेतला असेल, इथे वनरक्षकाच्या तोंडून ऐका. मग तीन वाक्यं: ‘याया सूनान वान्नान दा हौसा?’ याला हौसात काय म्हणतात. ‘बान गाने बा’, समजलं नाही. ‘दोन अल्ला, आ साके फाडा आ हांकाली’, कृपा करून पुन्हा, सावकाश सांगा. शेवटचं वाक्य संकोच न करता वापरा, त्याने कुणी नाराज होत नाही.

वनरक्षकांना जंगलाबद्दल विचारलं की ते खुलतात. चोरटी शिकार, गस्तीच्या रात्री, जंगलात शिरणारी गुरं, गावातल्या शेतात उतरणारे हत्ती, हे सगळं त्यांच्या रोजच्या जगण्याचं आहे. वर्गातल्या संवादांपेक्षा हे हौसा वेगळं, वेगवान असतं. निम्मं कळेल. जे कळलं ते त्या वहीत लिहा, नागरीत लिहिलंत तरी चालेल, आणि स्वर चढता की उतरता याची खूण करून ठेवा. पक्ष्यांची नावं तर नक्की विचारा. लालभडक वेडा राघू नदीकाठी दिसतो, नीलपंख वाळक्या फांदीवर बसलेला असतो, आणि जमिनीवर चालणारा भलामोठा धनेश आपल्या कोकणातल्या धनेशाची आठवण करून देतो.

नमाजाची वेळ झाली की ट्रक थांबेल. गडबड न करता वाट पाहा. आणि एक कळकळीची विनंती: या माणसाकडे लगेच सुवार्तेचं काम म्हणून पाहू नका. तो तुमचा यजमान आहे, तुम्ही त्याच्या जंगलात आलेले पाहुणे. त्याने तुमच्या श्रद्धेबद्दल विचारलं तर सरळ, प्रेमाने सांगा. नाही विचारलं तर त्याचं ऐका. पुढची कित्येक वर्षं तुम्ही याच लोकांत राहणार आहात, आणि ऐकून घेणाऱ्या माणसाला इथे मान आहे.

दिवसभर मात्र हौसाच बोलायची सक्ती स्वतःवर घेऊ नका. फेरीपुरती हौसा, संध्याकाळी घरच्यांशी मनसोक्त मराठी. नवरा-बायको दोघं असाल तर भाषेच्या अभ्यासात एकमेकांशी बोलायचं किती राहून गेलं ते इथे लक्षात येतं. तिसऱ्या दिवशी काहीच ठरवू नका. हौस असेल तर वनरक्षकाबरोबर मार्शल गुहा पाहा. खडकात माणसाने कोरलेल्या त्या ५९ खोल्या आहेत. नसेल तर झोपा.

परतल्यावर

निघताना वनरक्षकाच्या हातात बक्षिसी द्या, उजव्या हाताने, आणि ‘ना गोदे, अल्ला या साका दा अल्हेरी’ म्हणा, म्हणजे आभारी आहे, देव तुमचं भलं करो. त्याचा फोन नंबर घ्या.

घरी पोचल्यावर वही मालमकडे न्या. परीक्षा संपली आहे, तरी जा. जे शब्द तुम्ही अर्धवट ऐकून लिहिले ते तो दुरुस्त करून देईल, आणि यांकारीची हकिकत तुमच्या तोंडून हौसात ऐकताना त्याला जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. नेमणुकीच्या गावी गेल्यावर शेजारची पोरं अंगणात जमतीलच. त्यांना हत्तीची गोष्ट सांगा. हौसा गोष्टीची सुरुवात ‘गा ता, गा ता नान’ अशी असते, पोरं एका सुरात ‘ता झो मू जी ता’ म्हणतात, आणि मग तुम्हाला माघार घेता येत नाही.

आणि ईद आली की त्या वनरक्षकाला फोन करून ‘बार्का दा साल्ला’ म्हणायला विसरू नका.